तमाम सशांस कळविण्यात येते की

आधी हातातलं काम खाली ठेव, आणि हे पत्र घेऊन माझ्याजवळ बस. हो, जवळच. कागद असला म्हणून काय झालं, बोलते ती मीच ना? आणि बसल्याबसल्या पहिल्यांदा तुझा कान धरते. गणपती गेले, दिवाळी गेली, तुझं एक कार्ड नाही. आणि आलं तेव्हा काय, तर 'मावशी, तू कशी आहेस' एवढी एक ओळ, आणि मग दीड पान ससे! सशांनी वालाचे कोंब खाल्ले, सशांनी कुंपणाखालून वाट काढली, ससे तुला भीत नाहीत, ससे तुझ्या सासऱ्यांनाही भीत नाहीत. अगो, तुझ्या सासऱ्यांना घरातली मांजर भीत नाही, तिथे सशांनी काय म्हणून भ्यावं?

औषध विचारलंयस. औषध आहे, आणि बाटलीतच आहे. पण बाटलीच्या आधी एक माणूस सांगावा लागेल. त्याच्याशिवाय ते लागू पडत नाही.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पंधराची होते. गाव आमचं मुरुडच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. तळाला कोळीवाडा, मग नारळ-पोफळीच्या वाड्या, वर भातखाचरं, आणि त्याच्याही वर उघडा माळ. माळावर ससे, आणि माळाच्या पायथ्याशी आमच्या शेजारी कचेरीकाका. चाळीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून ते पेन्शनीत निघाले आणि गावी येऊन राहिले. म्हणजे कचेरीने त्यांना सोडलं होतं, त्यांनी कचेरीला सोडलं नव्हतं.

बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. एक पुतण्या माणगावला. घरात काका, एक कोंबडी, एक मांजर आणि भिंतीवर गोऱ्या बादशहाची तसबीर. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला काका जेवून, धोतरावर काळा कोट चढवून, डोक्याला पगडी आणि काखेत छत्री घेऊन मागच्या दाराने बाहेर पडायचे, घराला वळसा घालायचे आणि पुढच्या दाराने ओटीवर येऊन मेजाशी बसायचे. म्हणजे कचेरीत आले. पाच वाजले की उठायचे, परत वळसा घालायचे आणि मागच्या दाराने आत जायचे. म्हणजे घरी आले. मधल्या वेळात कोणी 'काका घरी आहेत का' विचारलं तर ओटीवरून स्वतःच सांगायचे, "घरी नाहीत. पाचनंतर या."

कोंबडी अंड्यांवर बसली की वहीत लिहायचे, 'रुजू झाली'. मांजर दोन दिवस दिसलं नाही की, 'विनापरवानगी गैरहजर'. सासूबाईंकडून विहिरीचा दोर हवा असला तर चिठ्ठी लिहून स्वतः घेऊन यायचे. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, तर ती चिठ्ठी उभ्या उभ्या स्वतःच वाचून दाखवायचे, दोर घ्यायचे, आणि चिठ्ठीही परत घ्यायचे. दप्तरी लागते म्हणून.

सासूबाई म्हणायच्या, "अवो काका, तोंडानं मागितला असता तरी दिला असता की."

"तोंडी सांगू नये," काका म्हणायचे. "तोंडाला तारीख नसते."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. हे म्हणायचं, आणि चिमूटभर तपकीर ओढायची. चाळीस वर्षं तपकीर ओढून नाकाचं पार वाटोळं झालं होतं. दारात फणस सडला तरी त्यांना पत्ता नसायचा. हे नाक लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता ससे. तुला माहीत नाही म्हणून सांगते, आपला ससा बीळबीळ करीत नाही. उघड्या गवतात बसल्या जागी खळगा करतो आणि कान पाठीवर टाकून दिवसभर ढेकूळ होऊन राहतो. तू त्याच्यावर पाय देईपर्यंत तो हलत नाही. ऊन उतरलं की निघतो. भात कापल्यावर ओलीवर आपण वाल पेरतो, आणि वालाला दोन पानं फुटली की ससा येतो, आणि कोंब असा तिरपा छाटतो की कोयत्याने कापलाय म्हणावं.

गावाने सगळं करून पाहिलं होतं. बुजगावणं लावलं, तर दुपारी त्याच्या सावलीत ससे बसायला लागले. कुत्रा बांधला, तर चार दिवस भुंकला आणि पाचव्या दिवशी दोघांची ओळख झाली. गावदेवीपुढे दरवर्षी गाऱ्हाणं घालायचे, 'आई, आमच्या वालाची राखण कर'. आई राखण करायची, पण सशांचीही आईच ती.

काकांच्या शेतात पहिल्या वर्षी ससे आले तेव्हा काका कोणावर ओरडले नाहीत. ओटीवर बसले आणि टाक शाईत बुडवून म्हणाले, "त्यांना कळवलंय का कोणी? नाही ना? मग त्यांचा दोष काय?"

कोळीवाड्यात एक फुटकी होडी पुळणीवर उलटी पडली होती. तिच्या फळ्या काकांनी मागून आणल्या, अर्थात अर्ज करून. अकरा फळ्या. काळ्याकुळकुळीत, जड. त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने अक्षरं काढली आणि शेताच्या चारी बाजूंना रोवल्या. कशा रोवल्या असतील? जमिनीपासून वीतभर वर! पाटील हसून हसून बेजार झाला. "काका, बोर्ड हाय का पाट हाय? वाचायचा कसा मानसानं?"

"माणसांकरता नाहीच तो," काका म्हणाले. "ससा काय मान वर करून वाचणार?"

आणि दुसरी मेख ऐक. काकांचा सारा जन्म मोडी लिहिण्यात गेलेला. बाळबोध अक्षर त्यांना पोरकट वाटायचं. पण फळ्या सगळ्या बाळबोधीत, एकेक अक्षर सुटं, पेरूएवढं. का, तर सशांचं शिक्षण बेताचं.

पहिल्या फळीवर होतं: 'तमाम सशांस कळविण्यात येते की, सदर शेतातील वाल खाजगी मालकीचे आहेत. खाऊ नयेत.' दुसरीवर: 'समज दिल्यानंतर खाल्ल्यास सबब ऐकली जाणार नाही.'

आणि गंमत बघ, ससे थांबले!

खरंच थांबले. सगळ्या गावाचे वाल छाटलेले, आणि काकांचं शेत हिरवंगार. शेजारचा आमचा तुकडा, तोही अर्ध्याहून जास्त वाचला. काका रोज पाच वाजता वळसा घालताना शेतावर नजर टाकायचे आणि मान हलवायचे. पाटलाला म्हणाले, "पाहिलंत? जनावर सुद्धा लेखी मानतं. अडाणी आहेत ती फक्त माणसं."

पाटील अडला होता. त्याचे स्वतःचे वाल गेले होते. गुपचूप एक चिठ्ठी लिहून घेऊन गेला आणि काठीला बांधून शेतात उभी केली. ससे त्या काठीला पाठ घासत वाल खाऊन गेले. काका म्हणाले, "तुमची चिठ्ठी अनधिकृत."

आता आमच्या तुकड्याचं सांगते, कारण माझा सगळा जीव त्याच्यात होता. सासूबाईंनी मला दुसऱ्या वर्षी सांगितलं होतं, "सूनबाय, माळाकडचा तुकडा तुझ्या हाती देते. वाल घरात आले तर तुकडा तुझा. न्हाय आले तर थोरलीला देनार, मग रडायचं न्हाय." थोरली म्हणजे माझी जाऊ. सगळं तिचंच होतं. चूल तिची, गुरं तिची, सासूबाईंचा कान तिचा. मला त्या घरात स्वतःचं म्हणावं असं लुगड्याचं गाठोडं आणि तो तुकडा. नवरा परळच्या गिरणीत, वर्षातून दोनदा शिडाच्या पडावाने यायचा.

तर मी त्या तुकड्यात उकिडवी बसून गवत काढायची. उकिडवं बसलं की काकांची फळी बरोबर डोळ्यांसमोर. पहिल्या दिवशी विचारलं, "काका, हे काय लिहिलंय?" काकांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी तेच म्हणत बोट फिरवलं. त्यातला 'स' मला ओळखू आला, कारण तो फळीभर होता. मग 'ल' आला, 'व' आला. गवत काढता काढता मी एकेक अक्षर उपटत गेले म्हण. शाळेचं तोंड मी कधी बघितलं नाही. माझी शाळा ती, सशांची.

नवऱ्याचं कार्ड आलं की सासूबाई मला घेऊन काकांच्या ओटीवर जायच्या. काका चष्मा लावून वाचायचे, "'इकडील सर्व क्षेम. प्रकृती ठीक आहे. कळावे.'" दर महिन्याला तेच! मला वाटायचं, मुंबईत राहून माणूस एवढा कोरडा कसा झाला? दोन पावसाळे गेले, माझी अक्षरं जमत आली, तेव्हा एकदा माजघरात जुनी कार्डं काढून बसले. बोटाने एकेक अक्षर जोडत वाचलं. लिहिलं होतं, 'तुझ्या हातच्या बिरड्याची आठवण येते. बिरड्याच्या आधी तुझी.' मी कार्ड पदरात लपवलं आणि एकटीच लाजले. सासू शेजारी बसलेली, काकांनी तरी ते कसं वाचावं? पण 'प्रकृती ठीक आहे' हे मात्र काकांनी पदरचं घातलेलं. कार्डात कुठेच नव्हतं.

पुढे पुढे काका कार्ड वाचण्याआधी ते मेजावर माझ्या बाजूला तोंड करून ठेवायचे आणि चष्मा पुसत बसायचे. बराच वेळ पुसायचे. मला वाटायचं, म्हातारपणी काचा लवकर मळतात.

असं चाललं होतं, आणि एका शिमग्याला बिनसलं.

शिमग्याला गावची पारध असते. बापई पुरुष सगळे कुत्री आणि वाघरी, म्हणजे सशाची जाळी, घेऊन माळावर जातात, आणि जे मिळेल ते होळीला गावात वाटतात. पारध रिकाम्या हाताने आली तर गावाला वर्ष वाईट जातं म्हणतात, आणि पाटलाचं तर नाकच जातं, कारण मान त्याचा. आता वाल तोवर घराघरात येऊन पडलेले असतात. म्हणजे ससा खातो पौषात आणि शिक्षा फाल्गुनात. पण हे पारधीला जाणाऱ्यांना सांगायचं कोणी?

पाटील आदल्या दिवशी काकांच्या ओटीवर आला. मी कुंपणाच्या अल्याड शेण थापत होते.

"काका, उद्या पारध हाय. तुमच्या मागच्या माळावर वाघरी लावायच्या हायेत."

"लावता येणार नाहीत."

"का वो?"

"सदर ससे नोटीस दिलेले ससे आहेत. प्रकरण चालू आहे. चालू प्रकरणातल्या पक्षकाराला जाळ्यात धरून खाता येत नाही."

पाटील पायरीवर टेकला. "परकरन कुठवर चालनार?"

"त्यांचा जबाब येईपर्यंत. पाडव्याची मुदत दिली आहे."

"सशाचा जबाब! आनि न्हाय आला तर?"

"तर दुसरी नोटीस."

"आन तवर होळीला गावानं खायाचं काय? तुमची नोटीस?"

"लेखी विचारा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पारध निघाली. वाघरी लागल्या, हाकारे उठले, कुत्री सुटली. आणि बरोबर दहा वाजता काका कोट-पगडी घालून, कचेरीच्या वेळेवर, माळावर हजर! वाघरीच्या तोंडाशी उभे राहून खिशातून कागद काढून वाचायला लागले. समोरून चार ससे वाऱ्यासारखे आले, सरळ जाळ्यावर. तेवढ्यात काकांना ऊन लागलं म्हणून त्यांनी छत्री उघडली. फट्! ससे जागच्या जागी वळले आणि उलटे हाकाऱ्यांच्या तंगड्यांमधून पसार. कुत्री एकमेकांवर आदळली. पाटील गवतातच बसला.

"पळाले! काका, ससे पळाले तुमच्यापायी!"

काका छत्री मिटत म्हणाले, "पळाले नाहीत. समज देऊन सोडले."

त्या वर्षी होळीला गावाने वालाची उसळ खाल्ली.

गाव हे विसरणार होतं होय? होळीसाठी लाकडं चोरायची रीत आहे, आणि चोरीला गेलेल्या लाकडाबद्दल ब्र काढायचा नाही हीही रीत आहे. संध्याकाळी बघते तर काकांच्या अकराच्या अकरा फळ्या होळीवर. आणि त्या पेटल्या म्हणतेस! तडतडल्या, उसळल्या, आणि असा काळा चिकट धूर निघाला, असा वास सुटला, की नैवेद्य घेऊन उभी असलेली सगळी मंडळी तोंडाला पदर आणि उपरणी लावून मागे सरली. पाटलाला मान सोडून जाता येईना. तो होळीपुढे नारळ धरून खोकत खोकत उभा, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

माझ्या शेजारी चांगुणा कोळीण उभी होती. माझ्याच वयाची, कोळीवाड्यातली माझी एकच मैत्रीण. ती हसायला लागली. "अगो, ही तं आमच्या आज्याच्या होडीची लाकडं! तीन पिढ्या मुशीचं तेल प्यालीत ती. दुसरा कसला वास येल?"

मुशी माशाच्या काळजाचं तेल काढतात आणि होडीला फासतात, पाणी लागू नये म्हणून. माणसाला सुद्धा तो वास सोसवत नाही, मग सशाचं ते बारीक थरथरणारं नाक बघ. आणि त्याच्यासमोर काकांचं तपकिरीने मेलेलं नाक बघ. त्या धुरात माझ्या डोक्यात उजेड पडला. ससे कायद्याला भीत नव्हते. वासाला भीत होते.

मी सांगायला गेले होते हो. दुसऱ्याच दिवशी ओटीपुढे उभी राहिले. "काका, त्या फळ्यांचं एक सांगायचंय."

काका लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "लेखी दे."

आणि मला लिहिता कुठे येत होतं? वाचण्यापुरतीच शिकले होते मी तेव्हा. परत आले.

पुढच्या भातकापणीनंतर काकांनी नवीन फळ्या केल्या. होडी संपली होती, म्हणून कपाटाची दारं काढून त्यांच्या अकरा फळ्या पाडल्या. काकूंच्या माहेरून आलेलं सागवानी कपाट होतं ते. अक्षरं पहिल्यापेक्षा सुरेख काढली, कडेने वेलबुट्टीसुद्धा. सागवानाला वास कसला, तर थोडा चंदनी पेटीसारखा. पौष लागला, आणि ससे आले. जसे पाच वर्षांचे उपाशी पंगतीला बोलावलेले. काकांच्या शेताच्या चार ओळी गेल्या, माझ्या तुकड्याच्या तीन. ज्या फळीवर 'खाऊ नयेत' होतं तिच्या बुडाशी लेंड्यांचा ढीग. काकांनी ती नोटिशीची पोच समजावी अशी माझी फार इच्छा होती.

पण दुसऱ्या दिवशी दहा वाजले आणि काका वळसा घालायला निघालेच नाहीत. मी भाकरी द्यायच्या निमित्ताने गेले, तर मागच्या दाराच्या पायरीवर बसलेले. कोट नाही, पगडी नाही. टक्कल इतकं पांढरं असेल असं वाटलं नव्हतं.

"काय झालं काका?"

"चाळीस वर्षं कागद लिहिले मी," काका म्हणाले. "कोणी वाचलेच नसतील का गं?"

मी पुढे झाले. भाकरी ठेवली.

"माणगावला पुतण्याकडे जावं म्हणतो. तो म्हणतो, ओटीवरचं मेज आणू नका, जागा नाही."

त्याच दिवशी संध्याकाळी सासूबाई तुकड्याच्या बांधावर उभ्या राहून थोरलीला म्हणाल्या, "अजून दोन ओळी गेल्या तर यंदापासून तूच बघ गो हा तुकडा." थोरलीने लुगड्याचा काष्टा आवळला, जशी कामाला आतापासूनच लागली.

रात्र कशीबशी काढली आणि सकाळी कोळीवाडा गाठला. चांगुणा जाळं दुरुस्त करीत होती.

"मुशीचं तेल दे गो थोडं."

"कोनाला चोपडनार? नवऱ्याला?"

"सशांना."

ती हातातली सुई टाकून हसली. पण करवंटीभर तेल दिलं, आणि वर म्हणाली, "वासानं सासू हाकलून देल बघ तुला."

काका दुपारी मेजावरच डोकं टेकून डुलकी काढायचे, कचेरीला न जाताही. एक तास, ना कमी ना जास्त. त्या तासात मी चिंधीने अकराही फळ्या माखल्या. मागून, बुडातून, कडांनी. अक्षरांना धक्का लावला नाही. संध्याकाळी चुलीपाशी सासूबाईंनी नाक वर केलं.

"सूनबाय, तुझ्या हाताला मुशी कशी वासती गो?"

"चांगुणाशी गप्पा मारीत होते."

"गप्पा हातानं मारतात व्हय?"

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी एकही नवा कोंब छाटलेला नव्हता. आणि वालाचं तुला माहीत आहे, खुडला की एकाच्या दोन फांद्या फोडतो. त्या वर्षी तगलेले वेल असे फोफावले की दोन गोणी वाल घरात आले. सासूबाईंनी ओंजळ भरून वाल वर धरले, थोरलीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "तुकडा तुझा." एवढंच. पण तो अजून माझा आहे.

काका आठव्या दिवशी दहा वाजता कोट घालून मागच्या दाराने बाहेर पडले. माणगावचा विषय परत निघाला नाही. पाटील वाटेत भेटला, त्याला म्हणाले, "सागवानावरचा हुकूम सशांपर्यंत उशिरा पोचतो. पण पोचतो."

पाटलाने कपाळाला हात लावला. त्या वर्षी पारध दुसऱ्या डोंगरावर गेली.

त्यानंतर सहा वर्षं मी दर पंधरा दिवसांनी तेल लावीत आले. कोणाला सांगितलं नाही. मनातून हसायची सुद्धा, खोटं कशाला बोलू. म्हातारा कायद्याच्या नावाने मिरवतोय, आणि कायदा माझ्या करवंटीत. काकांनी मधल्या काळात फळ्या वाढवल्या. नवा मजकूर, नवी अक्षरं. 'झुडपाआड, ढेकळांमागे, ठिकठिकाणी दडून बसू नये.' 'छत्री, घोंगडी, षट्कोनी दगड वगैरेंस भिऊ नये, फक्त सूचनेस भ्यावे.' मला वाटायचं, काकांचं डोकं चाललं. माझं वाचन मात्र चालू राहिलं. त्या वर्षांत मी नवऱ्याला स्वतःच्या हाताने कार्ड लिहायला लागले होते.

शेवटच्या थंडीत काका थकले. वळसा घालायला काठी लागायची, आणि वळसाही अर्धाच, मागच्या दाराने निघून परत मागच्याच दाराने. दमाही होता. त्या धांदलीत माझ्याकडून एकदा तेल चुकलं. महिना उलटला. आठवण झाली तशी दुपारी करवंटी घेऊन गेले आणि नेहमीच्या जागी उकिडवी बसले.

तिथे एक नवीन फळी होती. छोटीशी, तीही वीतभर उंचीवर. पण तिचं तोंड माळाकडे नव्हतं. माझ्या तुकड्याकडे होतं. अक्षरं थरथरलेली, तरी सुटी सुटी.

'संबंधितांस कळविण्यात येते की, वायव्येकडील फळीस तेल कमी पडले आहे.'

मग मान वर केली. डुलकीची वेळ होती, पण काका ओटीवर कोट घालून ताठ बसलेले, खाली मान घालून लिहीत. नाक गेलं होतं त्यांचं. डोळे नव्हते गेले.

आणि मग मागचं सगळं एकेक आठवायला लागलं. माझ्याकडे तोंड करून ठेवलेलं कार्ड. तो चष्मा पुसणं. सशांना 'ढ' आणि 'ठ' आणि 'षट्कोनी' कशाला लागतं गो? सशाने कधी घोंगडी पांघरलीय?

मी वायव्येकडच्या फळीला तेल लावलं. दोन हात जास्तच लावलं. मग उठले, करवंटी पालथी केली आणि घरी आले. ते काही बोलले नाहीत, मीही काही बोलले नाही. तोंडी सांगू नये. पावसाळ्यात काका गेले. पुतण्या आला, मेज नेलं नाही. ते माझ्याकडे आहे, त्याच्यावरच हे लिहिते आहे.

तर हे तुझं औषध. कोळीवाड्यातून मुशीचं तेल आण, फळीला लाव, पंधरा दिवसांनी परत लाव. फळीवर काही लिहायची गरज नाही असं तुझे सासरे म्हणतील. लिही तरी. कोण उकिडवं बसून वाचेल, सांगता येत नाही.

आणि हे पत्र तू नोटीसच समज. मुदत शिमग्यापर्यंत. जबाबाचं कार्ड नको, तूच ये. ती शेवटची फळी मी अजून तिथेच ठेवली आहे, वीतभर उंचीवर, आणि माझे गुडघे आता मला तिच्यापुढे बसू देत नाहीत. ससे रोज येऊन बघून जातात. लवकर ये बाय, तेल कमी पडलं आहे.